क्विक-चेंज टूलपोस्ट: मॉडेल निवडण्याआधी एक माप घ्या

प्रश्न: लेथवर चौकोनी टूलपोस्ट (टूल धरणारा ठोकळा) आहे. टूलची उंची जुळवायला खाली घालायच्या पॅकिंगला कंटाळून क्विक-चेंज (टूल होल्डरसकट झटपट बदलणारा पोस्ट) घ्यायचं ठरवलंय. होल्डर आवळायला वेज (पाचर) असलेला घ्यावा की पिस्टन (दट्ट्या) असलेला?

आधी माप घ्या. हेडस्टॉकमध्ये (जॉब फिरवणाऱ्या बाजूला) सेंटर, म्हणजे टोकदार दांडा, बसवा, टूलपोस्ट जिच्यावर बसतो त्या कंपाउंड स्लाइडचा वरचा सपाट भाग पुसून काढा आणि तिथून सेंटरच्या टोकापर्यंतची उंची मोजा. समजा 28 मिमी आली. इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या पात्याच्या) नेहमीच्या टर्निंग टूलचं टोक शँकच्या (टूलच्या दांड्याच्या) वरच्या पातळीत असतं, म्हणजे 20×20 शँकला 20 मिमीवर. तेव्हा होल्डरच्या खाचेचा तळ स्लाइडपासून 8 मिमीवर आला पाहिजे. होल्डरचा तळच 12 मिमी जाड असेल, तर होल्डर स्लाइडला टेकला तरी टोक सेंटरच्या 4 मिमी वर राहणार. 16 चं शँक लावलंत तर टोक बरोबर सेंटरला येतं, पण होल्डर टेकलेलाच. खाली घ्यायला जागा उरत नाही. खाली दोन-तीन मिमी तरी मोकळे हवेत. बहुतेकांचे पैसे याच गणितात फसतात, वेज-पिस्टनमध्ये नव्हे.

दुसरं, खाचेचं तोंड. अमेरिकेच्या अलोरिस पद्धतीच्या डव्हटेल (तिरक्या कडांच्या सांध्याच्या) पोस्टमध्ये एएक्सए हा आकार साधारण अर्धा इंच शँकसाठी, बीएक्सए पाच-अष्टमांश आणि सीएक्सए पाऊण इंचासाठी धरतात. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. आपल्याकडचं 20 चं शँक प्रत्येक मेकच्या होल्डरमध्ये जाईलच असं नाही, आणि 25×25 चा तर विचारच नको. दुकानात व्हर्नियर घेऊन जा.

आता वेज-पिस्टन. पिस्टन होल्डरला आतून बाहेर ढकलतो आणि होल्डर डव्हटेलच्या उतारावर अडकतो. वेज उलट होल्डरला ओढून पोस्टच्या सपाट तोंडावर बसवते. टेकण मोठं, म्हणून जाड कट आणि पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करायला) वेज बरी. बजेट असेल तर वेजच घ्या. नसेल तर हलक्या कामाला पिस्टन चालतो.

एकच जॉब आठवडाभर चालतो आणि त्याला तीन-चारच टूल्स लागतात, अशी स्थिती असेल तर मात्र जुना चौकोनी पोस्ट काढू नका. हँडल सैल करून फिरवला की पुढचं टूल हजर. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यांचं पॅकिंग त्यात एकदाच जुळवावं लागतं. क्विक-चेंजचा खरा फायदा रोज नवा जॉब येणाऱ्या शॉपला. तिथेही प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर हवा. पोस्टसोबतचे पाच होल्डर लगेच कमी पडतात, तेव्हा बजेटमध्ये आणखी सहा-सात धरा.

प्रश्न: होल्डर काढून परत लावला की व्यासात 0.08 मिमीपर्यंत फरक येतो. होल्डरची उंची ठरवणारा नट सरकत असेल का?

उंचीवर शंका घेऊ नका. टोक सेंटरपासून 0.1 मिमी खाली गेलं, तरी 10 मिमी व्यासावर फरक पडतो जेमतेम 2 मायक्रॉनचा. 0.08 म्हणजे होल्डर 0.04 मिमीने मागेपुढे बसतोय, आणि त्याचं नेहमीचं कारण डव्हटेलमध्ये अडकलेली चिप. ब्रशने साफ करा. हवेचा झोत मारू नका, त्याने चुरा वेजच्या फटीत जातो.

मग डायल गेज होल्डरच्या तोंडावर टेकवून तोच होल्डर दहा वेळा काढा-घाला. दरवेळी आधी उंचीचा नट पोस्टवर टेकू द्या, मगच हँडल ओढा, आणि तेही सारख्याच जोराने. एकच होल्डर चुकत असेल तर त्याच्या डव्हटेलवर बर (कडेवर उठलेली धातूची धार) शोधा. सगळेच चुकत असतील तर पोस्ट तपासा. स्वस्त होल्डरमध्ये हँडल एकाला दहा वाजता थांबतं, दुसऱ्याला एक वाजता. ते डव्हटेलच्या मापातल्या फरकामुळे. हँडल शेवटपर्यंत जाऊनही होल्डर घट्ट होत नसेल, तर तो होल्डर परत करा.

प्रश्न: मल्टिफिक्स या दातेरी गोल क्विक-चेंज पोस्टच्या चाळीस पोझिशनचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण गणित माहीत हवं. 360 भागिले 40 म्हणजे एक दात 9 अंशांचा. 45 अंशाच्या चॅम्फरला (तिरक्या कडेला) पाच दात, 90 ला दहा. 30 अंश मात्र दातांवर मिळत नाही. 27 नाहीतर 36. ३० हवे असतील तर पोस्टच फिरवावा लागतो. या स्विस रचनेत होल्डर गोल पोस्टच्या दातांवर बसतो, म्हणून टर्निंगचं टूल जागच्या जागी फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करायला) वळवता येतं. होल्डर महाग आणि दातांत चुरा बसतो. टूलरूमसाठी उत्तम, खरबरीत कास्टिंग सोलणाऱ्या शॉपला मी सुचवणार नाही.

प्रश्न: नवीन पोस्टसोबत आलेला टी-नटचा (पोस्ट स्लाइडला आवळणाऱ्या नटाचा) ठोकळा स्लाइडच्या टी-स्लॉटच्या मापात मिल करून घ्यायचा आहे. काय सांभाळावं?

तो मुद्दाम मोठा आणि मऊ दिलेला असतो. नटाचा वरचा भाग स्लाइडच्या पातळीपेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा. वर आला तर नट आवळताना पोस्ट स्लाइडवर नव्हे, टी-नटवर दाबला जातो आणि कितीही आवळा, जड कटला फिरतो. लांबी मात्र स्लॉट परवानगी देईल तेवढी पूर्ण ठेवा.

सर्वांत महागडी चूक स्टडची, म्हणजे पोस्ट आवळणाऱ्या आटेदार दांड्याची. स्टड टी-नटमधून आरपार जाऊन स्लॉटच्या तळाला टेकला, की वरचा नट आवळताना तो जॅकसारखं काम करतो: टी-नट वर उचलला जातो आणि स्लॉटच्या कास्ट आयर्नच्या कडा (ओठ) तडकतात. म्हणून टी-नटमधले शेवटचे दोन आटे पाडूच नका. पाडून झाले असतील तर खालून पंचाने तीन ठिकाणी ठोकून ते बिघडवा, म्हणजे स्टड तिथेच अडेल.