'मॉन्स्टर' म्हणजे राक्षसच का?

प्रश्न असा आहे: कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'डार्कस्टॉकर्स' या जुन्या फायटिंग गेमवर लिहिताना 'या राक्षसी लढाईच्या खेळाचे चांगले समीक्षात्मक स्वागत झाले' असं वाक्य चालेल का?

माझ्या कानाला ते दोन ठिकाणी खटकतं. आधी 'मॉन्स्टर'साठी वापरलेला राक्षस घेऊ.

मराठीत राक्षसाबरोबर अवाढव्यपणा येतोच. राक्षसी भूक, राक्षसी बहुमत. म्हणून एसएनके या दुसऱ्या गेम कंपनीच्या १९९१ च्या 'किंग ऑफ द मॉन्स्टर्स'ला हा शब्द शोभतो, तिथे डोंगराएवढे प्राणी जपानी शहरं तुडवत एकमेकांना लोळवतात. 'डार्कस्टॉकर्स'मध्ये (१९९४) मात्र पिशाच आहे, ममी आहे, लांडगा होणारा माणूस आहे, झपाटलेलं सामुराई चिलखत आहे, मांजरबाई आहे. आणि समीक्षकांना आवडलं ते नेमकं हेच: प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून प्रत्येकाची चालही वेगळी. फ्रँकेन्स्टाइनच्या धर्तीवरचा व्हिक्टर ठोसा मारतो तेव्हा त्याची मूठ फुगून केवढी मोठी होते, मॉरिगन या सक्युबसच्या (पुरुषांना भुलवणाऱ्या, पाश्चात्त्य कल्पनेतल्या मायाविनीच्या) पाठीवरच्या वटवाघळी पंखांची धारदार पाती होतात. या अ‍ॅनिमेशनचं तेव्हाही कौतुक झालं आणि आजही होतं. सगळ्यांना एकच 'राक्षस' लावलात, तर कौतुकाचं कारणच वाक्यातून निघून जातं.

एकत्रित उल्लेखाला मी 'भुतंखेतं' घेईन. यती (हिममानव) किंवा मांजरबाई काटेकोरपणे भुतांत बसत नाहीत, पण हा जोडशब्द मुळातच सैल आहे, त्यात बरंच काही मावतं.

एकेकट्यांना नावं देताना मात्र सैलपणा नको. यातल्या पिशाचाला, म्हणजे डेमित्रीला, वेताळ म्हणायचा मोह होईल. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला व्हँपायरच केलं होतं. पण विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ रक्त पीत नाही, तो प्रेतात शिरून बोलतो. त्याचं नातं लागलंच तर लॉर्ड रॅप्टर या झोंबीशी लागेल. डेमित्रीला 'रक्तपिपासू पिशाच' म्हणा, नाहीतर सरळ व्हँपायर; या गेमचं जपानी नावही तेच आहे. मॉरिगनला हडळ म्हणू नका. आपल्याकडे बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते अशी समजूत आहे. त्या शब्दामागे एक मेलेली बाई उभी असते, मॉरिगन तर कधी माणूस नव्हतीच.

आता 'समीक्षात्मक स्वागत'. हा इंग्रजी 'क्रिटिकल रिसेप्शन'वरून शब्दशः उतरवलेला प्रयोग आहे. मराठीत स्वागत पाहुण्याचं होतं, निर्णयाचं होतं. 'समीक्षात्मक' लावलं की स्वागत करणारा माणूसच वाक्यातून गायब होतो. त्याला परत आणा: समीक्षकांनी वाखाणला, उचलून धरला, नाकं मुरडली. 'वाखाणणे' मला विशेष आवडतं. ते 'व्याख्यान'वरून आलंय, त्यामुळे नुसती वाहवा नाही, काय आवडलं ते उलगडून सांगणंही त्यात येतं.

मग वाक्य असं होईल: 'भुताखेतांच्या या मारामारीतलं अ‍ॅनिमेशन समीक्षकांनी वाखाणलं, पण "स्ट्रीट फायटर"एवढी लोकप्रियता काही तिच्या वाट्याला आली नाही.' दुसरा भाग मी जोडलाय, कारण तोही खरा आहे. नुसतं कौतुक लिहिलंत, तर गेम तेवढाच गाजला असं वाचणाऱ्याला वाटेल.