नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर गॅमा किरणांची दुर्बीण बसवता येईल का?
बसेल, पण फारसं दिसणार नाही. खरी अडचण उंचीपेक्षा उजेडाची आहे. अवकाशातून येणारा गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच अतिशय ऊर्जावान प्रकार, जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो वरच हवेला धडकतो, कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश जेमतेम काही नॅनोसेकंद चमकतो. तो टिपायला फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी मंद प्रकाशाचाही विद्युत संकेत करणारी उपकरणं, लागतात. खाली नाशिक-त्र्यंबकचे दिवे असले की त्यांत खोटे संकेत भरतात. मग संकेत धरण्याची पातळी वाढवावी लागते आणि कमी ऊर्जेचे किरण हातचे जातात. पावसाळ्याचे चार महिने तर बादच. म्हणूनच २१ मीटर व्यासाची ‘मेस’ ही गॅमा दुर्बीण लडाखात हान्लेला, सुमारे ४,२७० मीटरवर उभारली. मात्र कमी उंची म्हणजे अशक्य नव्हे: माउंट अबूची ‘टॅक्टिक’ ही अशीच दुर्बीण जवळपास अंजनेरीच्याच उंचीवर, साधारण १,३०० मीटरवर आहे.