निसर्गचित्रात विषय कसा शोधायचा आणि रचना कशी सुधारायची?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करताय, रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करून मुख्य गोष्ट त्या रेघांवर बसवायची, हा नियम) न चुकता पाळता, नेटवरचे फोटो समोर ठेवून काम करता आणि तरी प्रत्येक चित्र कॅलेंडरवरचं वाटतं. तेव्हा विषय शोधायचा कसा आणि रचना सुधारायची कशी, हा तुमचा प्रश्न. इथे आधीच चार जणांनी आकृत्या काढून गोल्डन रेशो (चौकट विभागायचं एक ठरलेलं प्रमाण) समजावलाय, म्हणून मी लिहिणार नव्हते. पण त्यातल्या एकाने म्हटलंय, 'पुढचा भाग रिकामा वाटला तर एक होडी टाका, नजर आपोआप आत जाते.' ते वाचलं आणि राहवेना. ह्या होडीशी माझं जुनं भांडण आहे.

मी मूळची वाईची. कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असताना आमची स्टडी टूर नेमकी वाईलाच गेली. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले, तीसेक मुलं-मुली, प्रत्येकाच्या काखेत बोर्ड. त्यांच्यासाठी तो 'स्पॉट' होता, माझ्यासाठी घराच्या मागचा घाट. आमचे सर जलरंगात तयार होते. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात उतरवायचे, पुन्हा ब्रश लावायचे नाहीत. पहिल्या सकाळी त्यांनी डेमो दिला. घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळाचं शिखर उजव्या तृतीयांशावर, डावीकडून झाडाची एक फांदी आत आलेली, पायऱ्या तिरप्या आणि पुढे पाण्यात एक होडी.

तिथे होडी नव्हती. पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं. मी म्हटलं, "सर, इथे होडी नसते."

"नदीत नसेल," सर म्हणाले, "चित्रात असते."

सगळे हसले आणि सगळ्यांनी होडी काढली. मी उठले आणि देवळाकडे पाठ करून घाटावर खाली जाऊन बसले.

ते रागाने केलं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. थोडा राग होताच. पण बसल्यावर जे समोर आलं ते मी लहानपणापासून बघत होते आणि कधी काढलं नव्हतं. पायऱ्या. आमच्या घरात पावसाळाभर आजीचं एकच वाक्य असायचं, "पाणी कितव्या पायरीला आहे, बघून ये गं." पूर आमच्याकडे फुटांत मोजत नसत, पायऱ्यांत मोजत. वरती धोमचं धरण झाल्यावर पुराचा तो धाक राहिला नाही असं आजी म्हणायची, पण विचारायची सवय गेली नाही. त्या दिवशी वरच्या पायऱ्या कोरड्या, पांढुरक्या राखाडी होत्या. मधल्यांवर गाळ सुकून त्याच्या खपल्या धरलेल्या. खालच्या दोन शेवाळलेल्या, काळपट हिरव्या आणि त्यांच्याखाली जेमतेम पाणी. चार महिने नदी कुठवर होती आणि कशी कशी खाली गेली, ते दगडावर दिसत होतं.

मी काड्यापेटीएवढ्या सहा चौकटी आखल्या. पहिलीत सगळं होतं: धुणं धुणारी बाई, महादेवाची घुमटी, वाळत घातलेलं लुगडं, कुत्रं. दुसरीत कुत्रं गेलं. तिसरीत घुमटी गेली, कारण ती आली की डोळा तिथेच थांबत होता. चौथीत बाई काढून टाकताना फार जड गेलं, माणसाची आकृती मला बरी जमायची. पाचवीत फक्त पायऱ्या उरल्या आणि चित्र मेलं. शाळेतली चौरेघी वही दिसायला लागली ती. तेवढ्यात कोणीतरी पाण्यातून पाय धुऊन वर गेलं आणि कोरड्या दगडावर ओली पावलं उमटली. उन्हात ती पाच मिनिटांत वाळतात. सहावी चौकट तिथे झाली. आडव्या पायऱ्या, खालून वर तिरपी जाणारी पावलं आणि वर जाता जाता फिकी होत गेलेली.

हाफ इंपिरियल (साधारण पंधरा बाय बावीस इंचांचा) कागद मी उभा घेतला. आकाश नाही, क्षितिज नाही, तळाशी दोन इंच पाणी. आधी सगळ्या कागदावर उबदार राखाडीचा एक वॉश, तो ओला असतानाच खालून हिरवा सोडला म्हणजे शेवाळाची कड मऊ आली. पावलं मात्र पूर्ण वाळल्यावर, त्याच राखाडीचा एक टोन गडद करून, एकेका फटक्यात.

दुपारी सर फिरत आले. "वाईला येऊन देवळाकडे पाठ? ही वाई आहे हे कशावरून कळणार? विषय काय ह्याचा?"

मी म्हटलं, "पाणी उतरलंय."

"ही बातमी झाली. विषय नव्हे."

वार्षिक प्रदर्शनात वाईची अकरा चित्रं लागली. अकराही चित्रांत होडी होती. माझं लागलं नाही. शेऱ्यात 'विषय अस्पष्ट' असं लिहिलं होतं.

टूरमधल्या त्याच संध्याकाळी वर्गातल्या दोघी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. आजीने चित्रं बघायला मागितली. मैत्रिणीचं चित्र खरोखर सुंदर होतं, शिखरावरचं ऊन तिने अप्रतिम पकडलं होतं. आजीने ते कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "ही होडी कुणाची गं?" तिला खरंच प्रश्न पडला होता, गावात कुणी होडी घेतली आणि आपल्याला माहीत नाही. मग माझा कागद घेतला. चष्मा वर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन, पायऱ्यांवरून बोट न टेकवता वरून खाली मोजत गेली. "दिवाळी झाल्यावरचं आहे हे," म्हणाली. "आठ पायऱ्या उघड्या पडल्यात." मग पावलांकडे बघून म्हणाली, "हा आत्ताच वर गेलाय."

ह्याला आता बावीस वर्षं झाली. आजी नाही. चित्र माझ्या कामाच्या खोलीत आहे आणि 'विषय अस्पष्ट' हा शेरा मी अजून मान्य केलेला नाही. कधीही चित्र न काढलेल्या बाईला त्यातून महिना कळला, नुकतंच कोण येऊन गेलं ते कळलं. ह्याहून स्पष्ट विषय काय असतो?

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. विषय म्हणजे जागा, ही समजूत आधी टाकून द्या. 'घाट', 'धबधबा', 'सूर्यास्त' ही नावं झाली. विषय सांगताना वाक्यात क्रियापद यावं लागतं. पाणी उतरतंय. धुकं दरी भरत चाललंय. रस्ता झाल्यापासून वड एकटा पडलाय. असं वाक्य तुमच्याकडे असेल तर रचनेचे निम्मे प्रश्न तेच सोडवतं. पाणी खाली गेलंय हे सांगायचं होतं म्हणून माझा कागद उभा झाला, म्हणून पायऱ्यांना सगळी जागा मिळाली, म्हणून आकाशाला मिळाली नाही. ह्यातला एकही निर्णय मी तृतीयांशाची रेघ आखून घेतलेला नाही. आणि नेटवरच्या फोटोतून हे वाक्य मिळत नाही. कुठे उभं राहायचं, काय गाळायचं, हे फोटो काढणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त रंगवणं येतं. तुमची चित्रं कॅलेंडरसारखी दिसतात ती त्यामुळे. हात वाईट आहे म्हणून नव्हे.

पण नुसतं वाक्य असून भागत नाही, हेही खरं. चित्रकार सय्यद हैदर रझांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. नागपूरला आणि मग जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, शिकलेला हा माणूस तरुणपणी जलरंगात निसर्गचित्रं आणि मुंबईचे रस्ते करायचा, रंगाची जाण जन्मजात. 1948 साली काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रं बघून ते म्हणाले की तुमच्यात गुण आहे, पण चित्रांना बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान बघा. रझा फ्रेंच शिकले आणि 1950 मध्ये पॅरिसला गेले. त्या सेझानने दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या गावाजवळचा सेंत व्हिक्त्वार हा एकच डोंगर आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला. बांधणी म्हणजे काय ते तिथे कळतं: डोंगराचा उतार, झाडाची फांदी, शेताची कड एकमेकांना धरून असतात, एक हलवली तर दुसरी पडेल अशी. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमानही तसेच. जेजेत शिकून आलेला माणूस, कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिला आणि तिथलंच पाणी, तिथलीच झाडं रंगवत राहिला. मला विचाराल तर विषय सापडण्याची ही एकच वाट मला माहीत आहे. एका जागी इतक्यांदा जा की जागेचं नाव विसरून तिथे काय घडतंय ते दिसायला लागेल.

करून बघण्यासारखं एवढंच सांगते. बोर्ड उघडण्याआधी काड्यापेटीएवढ्या पाच-सहा चौकटी, फक्त तीन टोनमध्ये: कागदाचा पांढरा, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघा आणि प्रत्येक चौकटीत एक गोष्ट गाळा. गाळल्यावर वाक्य जास्त ऐकू आलं तर ती गेलेलीच बरी. चित्र मेलं तर शेवटची गाळलेली वस्तू परत आणा, किंवा माझ्यासारखं थांबा, कोणीतरी पाय धुऊन वर जाईल. बाकी गडदावर फिकं, कडा कुठे हरवायच्या, हे तुम्हाला दोन वर्षांत माहीत झालेलं असणार.

आता होडीविषयी. नसलेली गोष्ट चित्रात आणू नये असं माझं म्हणणं आहे, असं कुणी समजू नये. तेव्हा तसंच होतं. वादात मी सरांना 'खोटं' असा शब्द वापरला होता आणि तो चुकला. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' बघा, 1821 चं. उथळ पाण्यात उभी असलेली गवताची गाडी. ती जागा इंग्लंडमधल्या फ्लॅटफर्डची, त्याच्या वडिलांच्या गिरणीजवळची, लहानपणापासून पायाखालची. पण चित्र त्याने लंडनच्या स्टुडिओत, आधीच्या अभ्यासचित्रांवरून केलं. गाडी नीट हवी म्हणून गावाकडच्या ओळखीच्या तरुणाकडून तिथल्या गाड्यांची रेखाटनं मागवली. म्हणजे गाडी त्यानेही आणलीच. फरक असा की ती गाडी त्या पाण्याची, त्या शेतांची आणि त्या दिवसांतल्या कामाची होती. आमची होडी कशाची होती? पुढचा कोपरा रिकामा होता, एवढंच तिचं कारण. सर 'चित्रात असते' म्हणाले ते बरोबर होतं. कोणत्या चित्रात, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तीस मुलांनाही विचारू दिलं नाही. ओली पावलं नजर आत नेण्याचं तेच काम करत होती, पण ती नदीतून आली होती.

ज्या देवळाकडे मी पाठ केली त्याच्याविषयीही सांगते. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. बांधणाऱ्याने नदी आधी धरली, मग देऊळ उभं केलं. ती भिंत आमच्या तीस जणांत कुणीही काढली नाही. शिखर तृतीयांशावर बसवायचं म्हटल्यावर ती चौकटीत येतच नव्हती. आज गेले तर मी तीच काढेन, आणि देऊळ मध्यभागी घेईन.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. परीक्षेसाठी किंवा स्पर्धेसाठी चित्र करत असाल तर स्पॉट ओळखू यायला हवा, परीक्षकांपुढे दोनशे चित्रं असतात. तिथे माझं ऐकून मार्क घालवू नका. आणि रूल ऑफ थर्ड्स वाईट आहे असंही नाही. झालेलं चित्र का कलतंय ते तपासायला मी तो आजही वापरते. वॉश कसा उतरवायचा ते मला त्याच सरांनी शिकवलं, पायऱ्यांचा तो राखाडी त्यांच्याशिवाय आला नसता.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती: 'घरामागे नुसता ऊस आहे, त्यात काढण्यासारखं काही नाही, म्हणून फोटो वापरतो.' तोड कधी आहे? तोडीच्या आदल्या दिवशी जा. उसाची भिंत उभी असेल, तिच्यामागचं काहीच दिसणार नाही. मग तोड झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळेला, तेवढ्याच मापाचा कागद घेऊन पुन्हा बसा. जे इतके महिने झाकलेलं होतं, डोंगर असेल, चिमणी असेल, शेजारच्याचं घर असेल, ते पहिल्यांदा समोर येईल. फक्त पाचट पेटवायच्या आत जा, नंतर जमिनीचा रंग सगळा काळा होतो.