यादीतलं एकच गाव ठेव

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. जानेवारीत मुंबईचं विमान, त्याआधी हाताशी चार दिवस आणि पाहायची गावं पाच. त्यातली चार खोडून टाक. फ्रान्समधलं टेकडीवरचं व्हेझले तेवढं ठेव. एकटी जा, २१ डिसेंबरच्या आसपास, आणि ऊन पडणार असेल असाच दिवस निवड.

मी पहिल्यांदा तिथे उन्हाळ्यात गेलो, चौघा मित्रांबरोबर. अर्ध्या तासात सगळं उरकलं, फोटो काढले आणि पळत जाऊन गाडी गाठली. घरी आईने विचारलं, "काय पाहिलंस?" टेकडीवरचं मोठं चर्च, यापलीकडे मला काही सांगता येईना. ती रुखरुख पुढे कितीतरी वर्षं राहिली. शेवटी पुन्हा गेलो, ऐन थंडीत.

सेरमिझेल स्टेशनपासून गाव साधारण दहा किलोमीटर. टॅक्सी जाता-येता दोन्ही वेळची आधीच ठरवून ठेव आणि डबा बरोबर ने, हिवाळ्यात बरीच दुकानं बंद असतात. चढाच्या रस्त्यात दगडांमध्ये ब्राँझचे शिंपले बसवलेले दिसतील. स्पेनमधल्या सांतियागोची पायी वारी इथून निघते, तिची ती खूण. याच रस्त्यावर फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ राहायचे, गांधीजींचं चरित्र लिहून युरोपला त्यांची ओळख करून देणारे. १९४४ च्या डिसेंबरात ते इथेच वारले. त्यांच्या दारापाशी दोन मिनिटं थांब.

वर मेरी मॅग्दलिनचं बाराव्या शतकातलं चर्च. दुपारी साडेबाराच्या आधी आत जाऊन बस. या दिवसांत सूर्य डोक्यावर येतच नाही. पाऊणच्या सुमारास दक्षिणेच्या उंच खिडक्यांतून तिरपं ऊन येतं आणि समोरच्या, उत्तरेकडच्या खांबांच्या माथ्यांवरची शिल्पं उजळतात. खाली सगळं गार, करडं असतं. मी मान वर करून बसलो होतो, पायाची बोटं बधिर झालेली कळलंही नाही.

मग दक्षिणेच्या रांगेत ये आणि जात्याचं शिल्प शोध. वाकलेला एक माणूस वरून धान्य ओततोय आणि खाली दुसरा पोत्यात पीठ धरतोय. वरचा मोझेस, खालचा संत पॉल: बायबलच्या जुन्या करारातलं धान्य, नव्या करारातलं पीठ. मला मात्र आधी माझी आजीच दिसली, जात्याच्या तोंडात मुठीमुठीने जोंधळे सोडणारी. घडवणाऱ्याने दळण जवळून पाहिलं असणार, नाहीतर खांद्यांत तो भार आला नसता.

तू जुन्या वास्तूंचं जतन शिकलीस म्हणून आणखी एक. १८४० साली हे चर्च कोसळायच्या बेतात होतं, तेव्हा दुरुस्तीचं काम व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाकडे आलं. वय २६, जवळपास तुझ्याएवढंच. त्याने बरंच वाचवलं, पण खराब झालेली काही शिल्पं उतरवून त्यांच्या जागी नवी बसवली. नवी कुठली, ते ओळखायचा प्रयत्न कर. तुझ्या कामात हा प्रश्न जन्मभर येणार आहे.

निघताना उत्तरेच्या उतारावर जा. ११४६ मध्ये संत बर्नार्डने इथे हजारो लोकांना धर्मयुद्धासाठी, म्हणजे क्रूसेडसाठी, पेटवलं. ते युद्ध फार वाईट हरले. तिथल्या शांततेत मला त्या गर्दीची भीतीच वाटली.

पाचपर्यंत अंधारतं, तेव्हा टॅक्सी चारची सांग. दुर्बीण ने, शिल्पं उंचावर आहेत. फोटो मला पाठवू नकोस. खालच्या माणसाने पोत्याचं तोंड कसं धरलंय, तेवढं लिहून कळव.

तुझा,
सर