हौशी धावकांची पत्रे : वेळ, गुडघे आणि उरलेला दिवस

धावण्याविषयी आलेल्या यावेळच्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे : नेमाने धावतो, तरी शरीर कधी साथ देते आणि कधी देत नाही, असे का? सकाळी तासभर धावणाऱ्याचा तो तास कसा जाणार, हे बरेचसे उरलेल्या तेवीस तासांत ठरत असते. नोकरी आणि घर सांभाळून धावणाऱ्या माणसाने आपला सराव त्या तेवीस तासांसकट तपासावा, असे माझे मत आहे आणि खालची उत्तरे त्याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : माझे वय 46. मी वारज्यात राहतो, नोकरी हिंजवडीत आहे. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन (सुमारे 21 किलोमीटर) दोन तास सहा मिनिटांत पूर्ण केली आणि त्यानंतर आठवड्याचे पाच दिवस होते ते सहा केले. तरीही मार्चपासून त्याच रस्त्यावर किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंद जास्त लागत आहेत. मनगटावरचे घड्याळ रोज सांगते की क्षमता घटते आहे. परदेशी कॉलमुळे झोपायला साडेअकरा होतात आणि पहाटे साडेचारला उठतो. हे वयामुळे होत आहे की सराव चुकतो आहे?
— एक वाचक, वारजे

उत्तर : आधी वयाची शंका दूर करू. दोन तास सहा मिनिटांची हाफ म्हणजे किलोमीटरमागे जवळपास सहा मिनिटे. त्यात वीस-पंचवीस सेकंदांची भर पडणे म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट झाली. चाळिशीनंतर दमसास कमी होतो हे खरे आहे, पण नियमित धावणाऱ्याच्या बाबतीत ही घट वर्षाला साधारण एका टक्क्याच्या आसपास असते. तीन महिन्यांत सात टक्के घट वयामुळे होत नाही.

तुम्ही महिने लिहिले आहेत, हवेविषयी मात्र काही लिहिलेले नाही. जानेवारीत पुण्यात सकाळी सहाला स्वेटर घालून बाहेर पडावे लागते, तर एप्रिलमध्ये साडेसातलाच ऊन चटके देऊ लागते. तापलेल्या हवेत शरीराला तेवढ्याच रक्ताकडून दोन कामे करून घ्यावी लागतात : स्नायूंना प्राणवायू पोचवणे आणि आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेला रक्तपुरवठा वाढवणे. त्यातच घामावाटे पाणी जाऊन रक्तातला द्रव भाग घटतो, प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्त कमी होते आणि पूर्वीचीच गती राखण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. तुमचे घड्याळ गती आणि ठोके यांची सांगड घालून क्षमतेचा अंदाज बांधते, त्यामुळे उन्हाळ्यात तो अंदाज खाली येणे स्वाभाविक आहे. उष्ण हवेत सलग दहा ते चौदा दिवस बेताने धावले की शरीर तिच्याशी बरेच जुळवून घेते, घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातला द्रव भागही वाढतो. मात्र जानेवारीची गती एप्रिलमध्ये मिळावी ही अपेक्षा तरीही धरू नये. या दिवसांत गती पाहण्याऐवजी ठोके पाहून धावावे, किंवा सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते का, एवढेच पाहावे.

माझी खरी काळजी मात्र तुमच्या पत्रातल्या शेवटच्या तपशिलाबद्दल आहे. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तासांची झोप झाली, त्यावर सहा दिवसांचा सराव आणि शिवाय चांदणी चौकातून हिंजवडीला जाण्यायेण्याची दगदग. धावल्याने स्नायूंवर ताण येतो, त्यांची बारीकसारीक मोडतोड होते. ती भरून निघून स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होण्याचे काम विश्रांतीत आणि मुख्यतः झोपेत होते. तुम्ही ताण वाढवला आणि तो पचवण्याची वेळ आहे तेवढीच ठेवली. सराव वाढवूनही गती घटते तेव्हा बहुतेकदा कारण हेच असते आणि जिद्दी माणूस नेमका त्याच वेळी आणखी एक दिवस वाढवतो.

म्हणून सहावा दिवस लगेच बंद करावा. ज्या रात्री कॉल उशिरापर्यंत चालतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठूच नये. तो दिवस विश्रांतीचा धरावा. उरलेल्या चार-पाच दिवसांपैकी एकच दिवस जोराचा, एक लांब पल्ल्याचा आणि बाकीचे सारे बोलत बोलत धावण्याचे असावेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून लिहून ठेवावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असे सलग काही दिवस दिसले, तर शरीर थकले आहे किंवा आजारपण येऊ घातले आहे, असे समजावे. पुरेशी झोप मिळूनही सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. आणि घड्याळाचा तो रोजचा शेरा निदान पावसाळा सुरू होईपर्यंत बंद करून ठेवावा. दिवसाच्या सुरुवातीलाच नापास झाल्यासारखे वाटणे माणसाच्या मनाला चांगले नसते.

प्रश्न : मी 38 वर्षांची असून दोन वर्षांपासून तळजाईवर धावते. सासूबाई आणि शेजारच्या काकू नेहमी म्हणतात की धावून गुडघे झिजतील. अलीकडे जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखते, त्यामुळे मलाही भीती वाटू लागली आहे. त्याशिवाय पाळीच्या आठवड्यात आणि नंतरही काही दिवस धावताना लवकर दम लागतो.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : सासूबाईंच्या काळजीला आधार आहे. गुडघेदुखीने बेजार झालेल्या अनेक बायका त्यांनी आपल्या पिढीत पाहिलेल्या असणार. मात्र त्या दुखण्याचा दोष धावण्याला देता येत नाही. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गुडघा आणि खुबा यांचा संधिवात हौशी धावकांमध्ये सुमारे 3.5 टक्के, बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये सुमारे 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये सुमारे 13.3 टक्के आढळला. धावल्यामुळेच संधिवात टळतो, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे सांधे मुळात चांगले आहेत तेच धावत राहतात, असेही असू शकते. परंतु बेताने धावणाऱ्यांचे गुडघे झिजतातच, या समजुतीला हे आकडे मुळीच दुजोरा देत नाहीत. सासूबाईंना हे आकडे अवश्य दाखवा, आणि शक्य झाले तर एखाद्या सकाळी त्यांनाही तळजाईवर चालायला घेऊन जा.

तुमचे सध्याचे दुखणे वेगळे आहे. जिना उतरताना वाटीभोवती दुखणे हे धावणाऱ्यांमध्ये फार आढळते आणि बहुधा त्याचा झिजेशी संबंध नसतो. मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडले की वाटीवरचा भार नीट वाटला जात नाही, आणि उतारावर हा भार आणखी वाढतो. टेकडी चढताना धावावे आणि उतरताना काही आठवडे चालत यावे. आठवड्यातून तीनदा अर्ध्यापर्यंतच्या बैठका घालाव्यात, जिन्याच्या खालच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरण्याचा सराव करावा आणि पाठीवर झोपून एका पायाच्या आधाराने कंबर उचलण्याचा व्यायाम करावा. सहा ते आठ आठवडे चिकाटी ठेवली तर बहुतेकांना आराम पडतो. गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा अचानक साथ सोडत असेल, तर मात्र वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

दम लागण्याकडे दुर्लक्ष करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धावणाऱ्या स्त्रीला प्राणवायूची गरज अधिक असल्यामुळे ही उणीव तिला लवकर जाणवते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासावे, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला आणि पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. गोळ्या मात्र तपासणी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू कराव्यात.

प्रश्न : संकष्टीचा आणि एकादशीचा उपवास मी पाळतो. त्या दिवशी लांब पल्ल्याचे धावणे आले तर चालेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तासाभराच्या सावकाश धावण्याला निरोगी माणसाला काहीच हरकत नाही. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्ट पदार्थांपासून बनलेले इंधन, साठवलेले असते आणि तेवढ्या वेळाला ते पुरते. दीड तासाच्या पुढे गेल्यास मात्र तो साठा ओसरू लागतो आणि नंतर दिवसभर पोटात पुरेसे अन्न जाणार नसेल, तर तो भरूनही निघत नाही. म्हणून लांब पल्ला दुसऱ्या दिवशी ठेवावा. आदल्या रात्री साबुदाण्याची खिचडी किंवा रताळी खाल्ली असतील तर पिष्ट पदार्थांची सोय आपोआप होते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी धावूच नये.

प्रश्न : मी पहाटे सव्वापाचला कर्वेनगरच्या रस्त्यांवर एकटीच धावते. कुत्री मागे लागतात आणि आता घराबाहेर पडतानाच छातीत धडधडते. धावणे सोडावे का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : सोडू नका, वेळ बदला. पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर कुत्र्यांचे कळप अधिक आक्रमक असतात. अर्धा-पाऊण तास उशिरा माणसांची वर्दळ सुरू झाली की तेच कुत्रे कडेला पडून असते. कुत्रे अंगावर आलेच तर धावणे ताबडतोब थांबवावे, त्याच्या डोळ्यांत रोखून न पाहता आणि पाठ न फिरवता हळूहळू बाजूला सरकावे. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच असतो. चावा बसला किंवा दाताचा साधा ओरखडा उठला, तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. जखम लहान दिसते म्हणून थांबू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर हमखास उपाय नाही. सोबत मिळाली तर फारच उत्तम. विद्यापीठाच्या आवारात आणि वेताळ टेकडीवर रोज धावणारे गट आहेत आणि नवख्यांना ते आपलेपणाने सामावून घेतात.

प्रश्न : मी 61 वर्षांचा निवृत्त बँक अधिकारी आहे. डिसेंबरमध्ये पुणे मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतरात भाग घेतला, पण शेवटचे सहा-सात किलोमीटर चालावे लागले. रस्त्याच्या कडेची मंडळी टाळ्या वाजवत होती आणि मला मान वर करवत नव्हती. या वयात हे थांबवावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मान खाली घालण्यासारखे आपण काहीही केलेले नाही. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून या शहरात होत आली आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या पुणेकरांनी इतक्या वर्षांत किती तरी धावणारे पाहिले आहेत आणि टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात हे त्यांना चांगले कळते. थकूनही अंतर न सोडणाऱ्या माणसासाठी त्या होत्या.

चालण्याला पराभव मानू नये, असे एका मोठ्या धावपटूने सांगितले आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ठरवून धावणे आणि ठरवून चालणे यांची पद्धत रुजवली आणि जगभरच्या असंख्य हौशी धावकांनी ती स्वीकारली. तिचे मर्म एवढेच आहे, की चालणे थकल्यावर सुरू न करता पहिल्या किलोमीटरपासूनच करावे. आपण चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असे सुरू करा. स्नायूंना वेळोवेळी उसंत मिळाल्यामुळे शेवटचे किलोमीटरही धावता येतील आणि एकूण वेळही बहुधा कमी लागेल. आपण सुरुवातीला गर्दीच्या भरात वेगाने निघाला असाल, असाही माझा कयास आहे. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम मागे राहावे.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. प्रत्येक टेबलापाशी थांबून ग्लास रिकामा करणे सावकाश धावणाऱ्यांना घातक ठरू शकते, कारण अति पाण्याने रक्तातले सोडियम उतरते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या धावकांचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी 13 टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले. पुढच्या शर्यतीची नोंदणी करण्यापूर्वी रक्तदाब, ईसीजी आणि डॉक्टरांनी सुचवल्यास ताणचाचणी करून घ्यावी. धावताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अवेळी घेरी यांपैकी काहीही जाणवले तर तत्क्षणी थांबावे. त्या वेळी अंतर पुरे करण्याचा विचारही मनात आणू नये.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला. अजूनही सकाळी घोटे आखडतात. सप्टेंबरमधल्या सातारा हिल मॅरेथॉनची नोंदणी झाली आहे. तयारी सुरू करू का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : या तापानंतर सांधे कित्येक महिने दुखत राहू शकतात, त्यामुळे तुमचा अनुभव अपवादात्मक नाही. घोट्यांवर सूज असेल किंवा सकाळचा आखडलेपणा तासाभरापेक्षा जास्त टिकत असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर धावू नये. सूज नसेल तर सपाट, मऊ मातीच्या वाटेवर अर्धा तास चालण्यापासून आरंभ करावा. दोन आठवडे ते निभावले, तर त्यात मिनिट-मिनिटभराचे सावकाश धावणे मिसळावे आणि मधल्या दिवशी सायकल चालवावी किंवा पोहावे. हलके दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरत असेल तर पुढे जावे, वाढत असेल तर मागच्या आठवड्याच्या सरावावर परतावे.

साताऱ्याची शर्यत यंदा सोडावी, असे मी स्पष्टच सांगतो. तिच्या मार्गातला यवतेश्वरचा घाट चढून जाणे दमाचे काम आहे आणि दम तुम्ही तीन-चार महिन्यांत मिळवाल. परंतु तोच घाट धावत उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का घोट्यांवर बसतो, आणि न सावरलेल्या सांध्यांना तो सोसणार नाही. नोंदणीचे पैसे गेल्याचे वाईट वाटेल, पण त्यापायी पुढचे वर्ष पणाला लावू नका. त्याऐवजी डिसेंबरमधले सपाट रस्त्यावरचे दहा किलोमीटर समोर ठेवा आणि चालण्याची सुरुवात याच आठवड्यात करा.