केव्हा टाकलंस ते आधी लिही

परवा तलावपाळीला बसून तू फोनवर तो ग्राफ दाखवलास आणि म्हणालीस, मॅडम, सेल्स थकल्या बहुतेक. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. जीएनआरएच, म्हणजे मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीला जाणारं हार्मोन, त्याच्या पहिल्या डोसला पेशींतलं कॅल्शियम छान वर गेलं, दुसऱ्याला काहीच नाही, म्हणून तू डोस दुप्पट केलास. मी विचारलं मधे किती वेळ गेला, तर वहीत सगळीकडे नुसतं नॅनोमोलर, म्हणजे डोस किती तेवढंच. अगं, किती टाकलं ते नंतर, केव्हा टाकलं ते आधी!

अर्न्स्ट क्नोबिलच्या (Knobil) गटाचा 1978 चा पेपर मूळातून वाच, नोट्समधून नको. हायपोथॅलॅमसला इजा केलेल्या माकडिणींना दर तासाला सहा मिनिटं, मिनिटाला एक मायक्रोग्रॅम असं जीएनआरएच दिलं तर पिट्युटरीची एलएच-एफएसएच ही हार्मोन्स परत आली, तेच सतत सोडलं तर दोन्ही खाली, परत तासाच्या ठेक्यावर आणलं तर पुन्हा वर. रेणू तोच होता गं.

आणि ती तुझी आकृती, रिसेप्टरच्या पेशीतल्या शेपटीला फॉस्फेट लागले, अरेस्टिन हे प्रोटीन येऊन बसलं, सिग्नल पुढे नेणारं जी-प्रोटीन सुटलं, ती बीटा-ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची आहे. सस्तन प्राण्यांच्या जीएनआरएच रिसेप्टरला ती शेपटीच नाही! म्हणून तो पेशीच्या आतही सावकाश ओढला जातो. मग सिग्नल का पडतो? एक कारण असं की हार्मोन सतत राहिलं तर पेशीच्या आतले आयपीथ्रीचे, म्हणजे कॅल्शियम सोडायला सांगणाऱ्या निरोप्या रेणूचे, रिसेप्टर कमी होतात, साठ्यातलं कॅल्शियम सुटतच नाही. म्हणजे बाहेरचा रिसेप्टर जागेवर असतानाही पेशी गप्प राहू शकते. थकल्या म्हणू नकोस, कितव्या मिनिटाला गप्प झाल्या ते सांग.

मी इतकी का चिडते ते पण सांगते. माझ्या पीएचडीत मी उंदराच्या लायडिग सेल्सना, म्हणजे वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींना, एलएचसारखं काम करणारं एचसीजी हार्मोन द्यायचे आणि थेट दुसऱ्या दिवशी बघायचे. टेस्टोस्टेरॉन पडलं, मी लिहिलं रिसेप्टर कमी झाले. व्हायव्हाला विचारलं, रिसेप्टर कमी झाले, का आहेत ते पुढच्या सिग्नलला जोडले जाईनात, का पुढचं एन्झाइम अडलं? मधल्या तासांचं एकही रीडिंग नाही माझ्याकडे. आता, लॅबला सहाला कुलूप लागायचं, ठाण्याची गाडी धरायची, घरी मुलगी लहान, हे सगळं खरंच होतं आणि आजही मी ते खोटं मानणार नाही. पण रविवारी एकदा थांबता आलं असतं. एकदाच. तो चॅप्टर मी अजून उघडत नाही.

हे नुसतं वहीपुरतं नाहीये. प्रोस्टेट कॅन्सरला ल्युप्रोलाइड, म्हणजे जीएनआरएचसारखंच पण सतत काम करणारं औषध, देतात तेव्हा पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं, पडतं नंतर, म्हणून सुरुवातीला टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं अँटी-अँड्रोजन औषध जोडीला देतात. गाठ मणक्यात असेल तर ती वाढून मज्जारज्जू दाबते आणि तो पहिला आठवडा पेशंटचे पाय घालवू शकतो. तिथे पण केव्हा हेच आधी!

गाईड बदलायचा विचार सध्या बाजूला ठेव, तू हुशार आहेस, घाई फार करतेस. शनिवारी ऐरोलीहून सकाळची गाडी पकड आणि घरी ये, पोहे करते. वही आण. पहिला डोस दिल्यावर 5 मिनिटं, 30 मिनिटं, 2 तास, 24 तास अशा वेगवेगळ्या गॅपने दुसरा द्यायचा, डोस एकच, आणि मधे हार्मोन धुतलंस का, कितीदा धुतलंस, घड्याळात किती वाजले होते ते प्लेटच्या प्रत्येक वेलसमोर (खाचेसमोर) पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही.