ताई, घास गालात धरून बसतो!

या खेपेला टपालात जेवणाच्याच तक्रारी जास्त. म्हणून डोंबिवलीचं पत्र आधी घेते, आणि जरा ऐसपैस घेते. बाकीच्यांनी रुसू नये.

ताई, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मी फोर्टला बँकेत नोकरीला आहे, घरी पोचायला साडेसात होतात. हातपाय धुतले की लगेच त्याचं ताट. वरणभात कालवून भरवायला बसते ती नऊ वाजले तरी उठत नाही. मोबाईल लावला तरच तोंड उघडतो आणि घास गालात धरून बसतो. व्हिडिओ थांबवला की मग गिळतो. दिवसभर सासूबाईंकडे असतो. त्या म्हणतात, काही खात नाही, पण दूध घेतो, चार बाटल्या. येणारा-जाणारा म्हणतो, पोर वाळलंय. डॉक्टर म्हणतात वजन साडेतेरा किलो आहे, काळजीचं कारण नाही. पण डोळ्यांना दिसतंय ना? भूक लागायचं एखादं टॉनिक सुचवा.
— एक आई, डोंबिवली

टॉनिक राहू दे. आधी कागद-पेन्सिल घे. बाटली २५० मिलीची धरली तर चार बाटल्या म्हणजे लिटरभर दूध. पिशवीचं फुल क्रीम किंवा म्हशीचं असेल तर त्यातून नऊशे-हजार कॅलरी पोटात गेल्या. या वयाच्या पोराला अख्ख्या दिवसाला लागतात हजार-बाराशे. म्हणजे तू साडेसातला ताट घेऊन बसतेस तेव्हा लेकाचं जेवण केव्हाच उरकलेलं असतं. तो नखरे करत नाहीये, त्याला भूकच नाहीये.

आणखी एक गोष्ट. दुधात लोह जवळजवळ नसतंच. पोट दुधानं भरलं की नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडं यांना आत शिरायला जागा उरत नाही. वजन ठीक दिसतं आणि रक्त मात्र कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये १००पैकी ६७ जणांना रक्तक्षय निघाला. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलीस की हिमोग्लोबिन तेवढं बघून घे. या वयात ते ११च्या खाली नको. असलंच खाली, तर लोहाचं औषध तेच मापानं लिहून देतील. जाहिरातीतलं काही आणू नकोस.

दूध दिवसातून दोनदा, दोन्ही मिळून अर्ध्या लिटरच्या आत, आणि पेल्यातून. बाटली बंद. झोपताना तोंडात राहणाऱ्या बाटलीनं वरचे पुढचे दात किडतात, ते वेगळंच. दोन-तीन रात्री घर डोक्यावर घेईल. घेऊ दे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव हवं तर.

हे सगळं सासूबाईंना सांगशील तेव्हा ‘तुम्ही दूध देता म्हणून’ अशी सुरुवात करू नकोस. दिवसभर त्या एकट्या त्याच्यामागे असतात. संध्याकाळी सून आल्याआल्या विचारणार, ‘काय खाल्लं?’ आणि आपण ‘काही नाही’ म्हणणार, याची त्यांनाही धास्ती असते. दूध पोटात गेलं की निदान सांगायला काहीतरी असतं. त्यांना म्हण, ‘आई, दुपारी त्याला तुमच्या शेजारी पाटावर बसवा, तुम्ही जेवता तेच वाढा. नाही खाल्लं तर राहिलं. मी विचारणार नाही.’ आणि मग खरोखर विचारू नकोस. हेच तुला जड जाईल.

आता ‘वाळलंय’चं. तीन किलोचं जन्मलेलं मूल वर्षभरात नऊ किलोचं होतं. दुसरं वर्ष संपता संपता बाराचं. त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन किलोंची भर. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते. शिवाय या वयात मूल उंच होतं, गाल जातात, पोट आत जातं. लोक त्यालाच वाळणं म्हणतात. साडेतेरा किलो अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातच पडतं. लग्नात भेटलेल्या मावशीच्या डोळ्यांत काही वजनकाटा बसवलेला नसतो.

राहता राहिलं रात्रीचं ताट. काय शिजवायचं, किती वाजता जेवायचं, कुठं बसायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, ते त्यानं. तुमच्याकडे नेमकं उलटं चाललंय. वेळ आणि जागा मोबाईल ठरवतो आणि घास तू मोजतेस. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाभराहून जास्त स्क्रीन नको. तुमचा दीड तास एका जेवणातच जातो. आणि व्हिडिओ बघणाऱ्या मुलाला आपलं पोट भरलं की रिकामं आहे, हे कळतच नाही. म्हणून तर घास गालात राहतो.

बालवाडीत माझी उभी हयात गेली. डब्याच्या सुट्टीत मी नुसती बघत बसायची. एका मुलाची आई रोज फाटकाशी सांगायची, ‘पोळीला हात लावत नाही हो.’ हा पठ्ठ्या डबा उघडायचा, पोळीची गुंडाळी उलगडायचा, आतलं तूप-गूळ बोटानं निपटून चाटायचा. मग उंदरासारखी कडा कुरतडत कुरतडत पोळी लहान करत आणायचा आणि मधला रुपयाएवढा तुकडा शेजारणीच्या लोणच्याला पुसून तोंडात टाकायचा. सगळी पोळी पोटात! तिथं कोणी त्याच्यासमोर चमचा धरून बसलेलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा आठच्या सुमाराला घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा, टीव्हीसुद्धा बंद. त्याच्या ताटात थोडंच वाढ. मऊ भात, मेतकूट, तूप, किंवा थालीपिठाचा चतकोर आणि दही. जोडीला एखादी भाजी चमचाभर. ती भाजी तो खाईल अशी आशा धरू नकोस. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्याशिवाय पुष्कळ मुलं तिला तोंड लावत नाहीत. त्याच्या हातानं खाऊ दे. सांडणार आहेच, खाली जुनं वर्तमानपत्र पसर. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचल. ओरडणं नाही, ‘हा शेवटचा घास’ नाही, काऊचा नाही, चिऊचा नाही. त्यानंतर बिस्किट नाही आणि ‘उपाशी कसा झोपवू’ म्हणून दूधही नाही. पहिला आठवडा सगळ्यांची परीक्षा आहे, मग भूक आपली वाट शोधते. मात्र वजन उतरायला लागलं, जुलाब हटत नसले, किंवा गिळताना रोज ठसका लागत असला, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरांना गाठ.

आणि काय गं, एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचे बाबा कुठंच दिसले नाहीत. नऊ वाजेपर्यंत ते कुठं असतात?

नातू दोन महिन्यांचा आहे. सून शिकलेली आहे, ती म्हणते मध चाटवू नका, गुटी उगाळू नका, काजळ घालू नका. आम्ही चार पोरं याच्यावरच वाढवली. मग आमचं सगळंच चुकलं का?
— एक आजी, लातूर

आजी, सगळं नाही चुकलं. पण मधाच्या बाबतीत सून बरोबर आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही द्यायचा नाही. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, श्वासावर येतं. मध उकळूनही ती मरत नाहीत. तुमच्या चौघांना काही झालं नाही, हे तुमचं भाग्य. पण त्या काळी गल्लीत किती घरची तान्ही पोरं गेली, हेही तुम्हाला आठवत असेल. कशानं गेली, ते कोणी लिहून ठेवलं नाही.

गुटीचंही तसंच. सहा महिने अंगावरचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. सहाण, उगाळायचं पाणी, चमचा, यांतून जुलाबाला आमंत्रण नको. काजळ डोळ्यांत नको, काही काजळांत शिसं निघालं आहे. दृष्ट लागेल वाटत असेल तर तळपायाला घरचा ठिपका लावा. बंद खोलीत धुरी नको. नाका-कानांत तेल नको.

तेलाची मालिश मात्र खुशाल करा, तुमच्याइतकी ती कोणाला जमणार? आंघोळीनंतर बाळाला मांडीवर घेऊन ओव्या म्हणा. आणि दुपारी बाळाचं पोट भरलं की त्याला तुमच्याजवळ घेऊन सुनेला सांगा, ‘जा, दार लावून झोप दोन तास.’ अळिवाची खीर नंतर दिली तरी चालेल, आधी झोप द्या.

मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची. नर्सरीत रोज एक पान ‘ए’ आणि एक पान ‘१’ काढायला देतात. हात दुखतो म्हणून रडते. शेजारची तिच्याच वयाची मुलगी वीसपर्यंत लिहिते. मी हात धरून लिहून घेते. ठीक आहे ना?
— एक आई, बारामती

नाही. हात धरणं आजपासून बंद. शाळेचं नाव तू लिहिलंस, ते मी इथं छापत नाही, पण त्या बाईंनी एकदा तिच्या मनगटाचा एक्स-रे बघावा. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि या वयात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच असतात. हात दुखतो असं ती म्हणते, ते खरं आहे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं कुठं होती? शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवर मुलं शिकली. आता तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यातही आधी खेळ सांगितलाय. तेव्हा तिला कणकेच्या गोळ्या करू दे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू दे, कोथिंबीर निवडू दे, परातीत रवा पसरून त्यात बोटानं गिरगटू दे. लिहायला लागणारी बोटं अशानंच तयार होतात. डायरीत सरळ लिहून पाठव: ‘आज तिनं स्वतः जेवढं काढलं तेवढं काढलं.’ बाईंनी बोलावलं तर जा आणि तेच शांतपणे सांग. शेजारच्या वीसपर्यंतच्या लेखनाचं कौतुक कर आणि दार लाव.

दोन मुली आहेत, मोठीला मागच्याच महिन्यात पाच पूर्ण झाली, धाकटी दीड वर्षांची. बायको म्हणते, तुम्ही काहीच करत नाही. मी रविवारी दोघींना बागेत नेतो, सांगेल ते सामान आणतो, सांगेल ती मदत करतो. अजून काय करायला हवं?
— एक वडील, नाशिक

डोंबिवलीच्या पत्रात जे गृहस्थ हरवले होते ते तुम्ही तर नव्हे? असो, विचारलंत ते बरं केलंत.

तुमच्या पत्रात ‘सांगेल’ दोनदा आलंय. दमणूक तिथंच आहे. डायपर संपत आलेत, उद्या शाळेत हिरवा रंग घालून जायचाय, धाकटीचं नाक रात्रीपासून वाहतंय, डब्याला भेंडी दोनदा झाली, हे सगळं एकटीनं डोक्यात बाळगायचं आणि वर तुम्हाला सांगायचंही तिनंच. ‘मदत’ म्हणू नका. एखादं खातं पूर्ण उचला आणि त्यात तिला एकही प्रश्न विचारू नका. सकाळ घ्या म्हणते मी. उठवणं, दात, दूध, वेणी, डबा, व्हॅन. पहिले काही दिवस वेणी वाकडी येईल. तिनं हसायचं नाही, हे तिला मी सांगते.

आणि दोघींच्या लसी तुमच्याकडे घ्या. मोठीला पाच झाली म्हणजे डीपीटीचा दुसरा बूस्टर आता द्यायचा असतो. धाकटीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे तिचाही वेळ झालाच. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात. दोघींची लसीची कार्डं घरात कुठं ठेवलीत, ते बायकोला न विचारता आज रात्री शोधून काढा.